कांजिण्या व नागीण : मूळ एक, दुखणीं दोन

(मंडळींतील अभ्यासवर्गासाठीं)

शास्त्रपाठ : लेवीय १३.१–८, मार्क १.४०–४५, योहान ९.१–७

लेवीयाच्या तेराव्या अध्यायाचें वाचन आपल्या मंडळ्यांत क्वचितच होतें. चट्टे, सूज, पांढरे केस व खपल्या यांचें तें लांब वर्णन ऐकून श्रोते कंटाळतात, आणि उपदेशकही तो भाग सोडून पुढें जातात. परंतु त्या अध्यायांत देवानें आपल्या सेवकांस जें काम नेमून दिलें आहे, तें आज आम्हां पाळकांस व घरोघरच्या वडील माणसांस फार उपयोगाचें आहे. तें काम म्हणजे नीट पाहणें. याजक हा वैद्य नव्हता; त्यानें औषध द्यावें असें तेथें सांगितलेलें नाहीं. त्यानें रोग्याच्या अंगाकडे लक्षपूर्वक पाहावें, एका चट्ट्याचा दुसऱ्याशीं भेद करावा, संशय असल्यास उतावीळपणें निर्णय देऊं नये, सात दिवसांनीं पुन्हां पाहावें, आणि मग बोलावें.

ह्याच रीतीनें आज आपण दोन दुखण्यांकडे पाहणार आहों. एक कांजिण्या, दुसरें नागीण. दोन्हींत अंगावर पाण्याचे फोड येतात. दोन्हींविषयीं खेड्यापाड्यांत भीति आहे. आणि दोन्हींची गल्लत केल्यानें कधीं रोगी विनाकारण एकटा पडतो, तर कधीं निरोगी माणूस विनाकारण संकटांत सांपडतो.

हा विषय निवडण्यास एक कारण घडलें. तें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो, कारण त्यांत चूक आमचीच होती.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या देखरेखीखालील एका खेड्यांत एका वृद्ध भगिनीस नागीण झाली. ह्या बाई मंदिर झाडून दिवाबत्ती करणाऱ्या, सत्तरीच्या घरांतल्या, सर्व मंडळीस आजीच्या ठिकाणीं. डाव्या बरगडीखालीं आग होऊं लागली, तेव्हां त्यांना वाटलें कीं ज्वारीच्या काढणींत वांकून वांकून पाठ धरली असेल. चौथ्या दिवशीं फोड उठले. शेजारणींनीं गेरू कालवून लावला. कोणी म्हणालें, मंत्र घालणारा बोलवा, नागिणीचें तोंड शेपटीला मिळालें तर बाई हातची जाईल. कोणी हळूच म्हणालें, नवऱ्यानें शेतांत नाग मारला होता, त्याचें हें फळ. आम्हांस बातमी लागून आम्ही पोंचलों तेव्हां फोड उठून चार दिवस झाले होते. बायका दारांतूनच बोलत होत्या. आजींच्या जवळ कोणी बसेना. तें पाहून आम्हांस राग आला. दुसरे दिवशीं रविवार होता. आम्हीं उपदेशांत ठांसून सांगितलें कीं, नागीण हा नागाचा शाप नव्हे, आणि ती कोणास लागतही नाहीं. भीति टाका व खुशाल जवळ बसा. पहिली गोष्ट खरी होती. दुसरी अर्धीच खरी होती.

आजींची चार वर्षांची नात त्यांच्याच गोधडींत निजत असे. घरच्यांनीं तिला वेगळें निजविलें होतें. आमचा उपदेश झाल्यावर ती पुन्हां आजीच्या कुशींत गेली. पंधरा दिवसांनीं त्या मुलीच्या अंगभर कांजिण्या आल्या. मंत्र घालणारा म्हणूं लागला, पाळकानें मला उंबरठा ओलांडूं दिला नाहीं, म्हणून नागीण आजीला सोडून नातीवर गेली. त्याहून मोठी गोष्ट ही कीं, त्या घरची सून सातव्या महिन्यांत होती, आणि आपणांस लहानपणीं कांजिण्या झाल्या होत्या कीं नाहीं हें तिला ठाऊक नव्हतें. मुलीचा बाप आमच्याकडे आला व एवढेंच म्हणाला, "पाळकसाहेब, आपण तर म्हणालां होतां, लागत नाहीं." त्यास द्यावयास आम्हांजवळ उत्तर नव्हतें.

आम्ही सुनेस घेऊन तालुक्याच्या दवाखान्यांत गेलों. तेथील डॉक्टरीणबाईंनीं तिच्या माहेरीं विचारावयास लाविलें. तिच्या आईनें सांगितलें कीं, ती सहा वर्षांची असतां भावांबरोबर तिलाही कांजिण्या येऊन गेल्या होत्या, आणि कपाळावरचा खोलगट वण त्यांचाच आहे. रक्त तपासून त्याची खात्री झाली. सून बचावली, नात बरी झाली, बाळ सुखरूप जन्मलें. आजींच्या बरगडींतील वेदना मात्र पुढें पांच महिने राहिली. त्या दिवशीं डॉक्टरीणबाईंनीं आम्हांस समोर बसवून जें समजाविलें, तें आतां वाचकांपुढें ठेवितों.

१. कांजिण्या कशा ओळखाव्या

कांजिण्या बहुधा लहान मुलांस होतात. परंतु आपल्यासारख्या उष्ण देशांत मोठेपणीं प्रथमच होणाऱ्यांची संख्याही थोडी नसते. लागण झाल्यावर १० ते २१ दिवस कांहीं दिसत नाहीं. मग थोडा ताप, अंग मोडून येणें, अन्नावर वासना नसणें, आणि एकदोन दिवसांत तांबडे ठिपके. ते प्रथम छाती, पाठ, चेहरा व डोक्याचे केस यांत दिसतात आणि नंतर हातापायांकडे पसरतात. ठिपक्याची पुटकुळी होते, पुटकुळींत निवळ पाणी भरतें, मग तें गढूळ होऊन खपली धरते. खाज फार असते. कधीं तोंडांत व टाळ्यावरही फोड येतात.

मुख्य खूण ही कीं, कांजिण्या एकदम न येतां तीनचार दिवस पाळीपाळीनें येतात. शेतांत एका दिवशीं पेरलेलें पीक सारखें वाढतें. परंतु परसांतल्या वाफ्यांत आज मूठभर, उद्यां मूठभर बीं टाकलें, तर तेथें मोड, पान, फूल व सुकी शेंग एकाच वेळीं दिसतात. कांजिण्यांचें असेंच आहे. मुलाची पाठ उजेडांत पाहा : एकीकडे नुकता ठिपका, त्याशेजारीं भरलेला फोड, त्याशेजारीं वाळलेली खपली. असें दिसलें, आणि तें अंगाच्या दोन्ही बाजूंस असलें, तर त्या बहुतेक कांजिण्याच होत.

देवीचा रोग ह्याहून वेगळा होता. त्याचे फोड एकाच वेळीं पेरल्यासारखे सारखे असत, आणि धडापेक्षां चेहरा, हात व पाय यांवर दाट असत. लंडनचे डॉ. विल्यम हेबर्डन यांनीं १७६७ सालीं ह्या दोन रोगांतील भेद स्पष्ट करून दाखविला. तोंवर पुष्कळ वैद्यही त्यांची गल्लत करीत. देवीचा रोग आतां पृथ्वीवर उरला नाहीं. आपल्या देशांत त्याचे शेवटचे रोगी १९७५ सालीं सांपडले, आणि ८ मे १९८० रोजीं तो जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. म्हणून आज मुलाच्या अंगावर फोड पाहून "देवी आल्या" असें म्हणणें केवळ जुन्या भीतीचा प्रतिध्वनि होय.

२. नागीण कशी ओळखावी

नागीण बहुधा पन्नाशी उलटलेल्यांस होते, तरी तरुणांस होत नाहीं असें नाहीं. तिची पहिली खूण डोळ्यांस दिसत नाहीं. ती रोग्यास विचारावी लागते. फोड येण्यापूर्वीं दोनचार दिवस त्या जागीं आग, ठणका, मुंग्या किंवा सुई टोंचल्यासारखी वेदना होते. कपड्याचा स्पर्शही सोसत नाहीं. ह्या वेळीं कोणास वाटतें पोटशूळ आहे, कोणास वाटतें छातींत कळ आली. छातींतील कळ नागिणीचीच असेल असें मात्र कोणीं घरीं ठरवूं नये. तेवढ्यासाठीं तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

नंतर तांबड्या झालेल्या त्वचेवर फोडांचे घोस उठतात. मुख्य खूण ही कीं, ते शरीराच्या एकाच बाजूस, पट्ट्यासारखे येतात : पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीवरून पुढें छातीच्या किंवा पोटाच्या मध्यरेषेपर्यंत, आणि तेथें थांबतात. कधीं पट्टा कमरेवर, मानेवर किंवा अर्ध्या कपाळावर असतो. तीन ते पांच दिवस नवे फोड येतात, सातदहा दिवसांत खपल्या धरतात, आणि दोन ते चार आठवड्यांत कातडी भरून येते.

एक सावधगिरी. पावसाळ्यांत दिव्याभोंवतीं येणारा एक बारीक लांबट किडा अंगावर चिरडला, तर त्याच्या विषानें रात्रींतून लांब तांबडी रेघ उठते व तिच्यावर फोड येतात. तिलाही लोक नागीण म्हणतात. परंतु तींत आधींच्या दिवसांची वेदना नसते, आणि जेथें किडा घासला तेथेंच ती रेघ असते. ती जागा साबणानें धुवावी. डोळ्याजवळ असल्यास दवाखाना गांठावा.

३. दोहोंचें मूळ एक

आतां आमच्या खेड्यांतील कोडें सोडवूं. आजीस नागीण, नातीस कांजिण्या, हें कसें? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्ट शहरांतील बालरोगवैद्य डॉ. बोकाय यांनीं हेंच कोडें पाहिलें होतें : घरांतील मोठ्या माणसास नागीण झाली कीं, कांहीं दिवसांनीं त्याच घरच्या मुलांस कांजिण्या येतात. पुढें १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेचे डॉ. टॉमस वेलर यांनीं दोन्ही प्रकारच्या रोग्यांच्या फोडांतील पाण्यांतून एकच विषाणु वेगळा करून दाखविला. आणि १९६५ सालीं होप-सिम्पसन नांवाच्या इंग्लंडांतील एका लहान गांवच्या डॉक्टरांनीं, आपल्याच रोग्यांची वर्षानुवर्षें नोंद ठेवून, नागीण कशी उपजते याचा उलगडा मांडिला.

तो असा. लहानपणीं कांजिण्या बऱ्या होतात, खपल्या गळतात, मूल खेळूं लागतें. परंतु विषाणु शरीर सोडून जात नाहीं. तो मज्जातंतूंच्या वाटेनें पाठीच्या कण्याजवळील गांठींत जाऊन निजतो, आणि चाळीस-पन्नास वर्षेंही निजून राहतो. वय झाल्यावर, मधुमेहानें, कर्करोगाच्या उपचारांनीं, एच्. आय्. व्ही. च्या लागणीनें किंवा दुसऱ्या कारणानें शरीराची रोगाशीं झुंजण्याची शक्ति उणी झाली, म्हणजे तो एखाद्या गांठींत जागा होतो व त्या एकाच मज्जातंतूवरून कातडीपर्यंत येतो. तंतूस इजा होते म्हणून आधीं वेदना. तंतु शरीराच्या एकाच बाजूचा म्हणून पट्टा एकाच बाजूस. म्हणजे नागीण बाहेरून येत नाहीं; ती आपल्याच लहानपणच्या कांजिण्यांची राखेखालीं राहिलेली ठिणगी आहे.

४. कोणापासून कोणास काय लागतें

हा भाग वर्गांत दोनदां वाचावा. येथेंच आम्ही चुकलों.

(अ) कांजिण्यांच्या रोग्यापासून कांजिण्या लागतात, त्याही ज्यास पूर्वीं झाल्या नाहींत व ज्यानें लस घेतली नाहीं त्यास. त्या श्वासानें, खोकल्यानें व फोडांतील पाण्याच्या स्पर्शानें पसरतात. ठिपके दिसण्याच्या एकदोन दिवस आधींपासून शेवटचा फोड खपली धरीपर्यंत.

(आ) नागिणीपासून नागीण कोणासही लागत नाहीं. परंतु ओल्या फोडांतील पाणी लागलें, तर ज्यास कांजिण्या झाल्या नाहींत त्यास कांजिण्या होऊं शकतात. फोड स्वच्छ कोरड्या फडक्यानें झांकलेले असले तर हा धोका फार कमी होतो; सर्व खपल्या धरल्यावर तो राहत नाहीं.

(इ) कांजिण्यांच्या रोग्यापासून कोणास नागीण लागत नाहीं.

म्हणून नागीण झालेल्याजवळ बसावें, बोलावें, त्यास जेवूं घालावें. परंतु ज्यास कांजिण्या झाल्या नाहींत असें लहान मूल व अशी गरोदर बाई यांस त्याच्या अंथरुणांत निजवूं नये, आणि त्याचें फडकें व टॉवेल वेगळें ठेवावें. आम्हीं एवढें सांगितलें असतें तर पुरें होतें.

५. डॉक्टरांकडे केव्हां जावें

निरोगी मुलाच्या कांजिण्या बहुधा आपोआप बऱ्या होतात. नखें कापावीं, रोज कोमट पाण्यानें हळू अंग धुवावें, पातळ सुती कपडा घालावा, पाणी पुष्कळ द्यावें. तापास पॅरासिटामोल डॉक्टरांनीं सांगितलेल्या मापानें द्यावें. अ‍ॅस्पिरिन कधींही देऊं नये. त्यानें मुलाच्या मेंदूस व यकृतास घातक विकार होऊं शकतो. परंतु रोगी मोठ्या वयाचा असेल, गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली असेल, तान्हें मूल असेल, दम लागत असेल, मूल सुस्त किंवा भ्रमिष्ट होत असेल, फोडांभोंवतीं लाल सूज येऊन पू धरत असेल, तर त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. जिला पूर्वीं कांजिण्या झाल्या नाहींत अशा गरोदर बाईचा रोग्याशीं संबंध आला असेल, तर फोड येण्याची वाट न पाहतां जावें.

नागिणीस मात्र प्रत्येकानें लवकर जावें. ह्या विषाणूवर अ‍ॅसायक्लोव्हिर व तत्सम औषधें आहेत, आणि फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आंत सुरू केल्यास त्यांचा गुण अधिक येतो. लेवीय याजकास सात दिवस थांबावयाचें होतें. नागिणीस मात्र आपणांजवळ तीनच दिवस असतात. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा जाण्याची भीति असते. तेथें एक दिवसही दवडूं नये. कानाजवळ फोड येऊन तोंड वांकडें झालें, किंवा फोड पट्टा सोडून अंगभर पसरूं लागले, तरीही तसेंच. फोड बरे होऊनही तीन महिन्यांपलीकडे ठणका राहिला, तर तें रोग्याचें ढोंग नव्हे. तंतूस झालेल्या इजेची ती वेदना असते, आणि तिच्यासाठींही औषधें आहेत.

दोन्हींवर लसी आहेत. कांजिण्यांची लस जपानचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनीं १९७४ सालीं तयार केली. नागिणीची नवी लस आपल्या देशांत २०२३ पासून मिळते. ती पन्नाशीपुढील लोकांसाठीं असून दोन वेळां टोंचावी लागते. ती महाग आहे. आपल्यास कोणती योग्य, हें डॉक्टरांस विचारावें.

६. दोन खोट्या समजुती

पहिली : नागिणीचीं दोन टोंकें मिळालीं म्हणजे माणूस मरतो. वर सांगितलेंच आहे कीं, प्रत्येक तंतु शरीराच्या अर्ध्या भागाचा आहे. मध्यरेषेवर त्याची हद्द संपते. म्हणून पट्टा सहसा वेढा घालीत नाहीं, मग मंत्र घाला अगर न घाला. नागीण बहुधा तीनचार आठवड्यांत आपोआप सुकते. मांत्रिक पहिल्या आठवड्यांत येतो आणि श्रेय चौथ्यांत घेतो. तोंवर गेरू, राख व पाल्याचा रस फोडांत जाऊन जखम चिघळते, आणि औषधाचे तीन दिवस निघून जातात.

दुसरी : कांजिण्या म्हणजे आईचा कोप, तेव्हां औषध देऊं नये, अंघोळ घालूं नये. कडुलिंबाचा पाला अंथरुणावर ठेवला तर कोणाचें नुकसान नाहीं. परंतु पाल्याच्या भरंवशावर दम लागलेलें मूल घरांत ठेवणें हें नुकसान आहे. आपण ख्रिस्ती लोक कोप हा शब्द टाकतों, परंतु "ह्याच्या घरीं कांहीं पाप असेल" हें दुसऱ्या तोंडानें म्हणतों. जन्मांधास पाहून शिष्यांनीं हाच प्रश्न विचारला होता, आणि प्रभूनें त्या मनुष्याचें किंवा त्याच्या आईबापांचें पाप शोधण्याचें नाकारून त्यास बरें केलें.

७. मंडळीचें कर्तव्य

रोग्यास वेगळें ठेवणें व रोग्यास टाकणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. छावणीबाहेर ठेवलेल्या माणसाकडे याजकानें स्वतः छावणीबाहेर जाऊन त्यास पाहावें, असा नियम लेवीयाच्या चौदाव्या अध्यायांत आहे. आणि ज्याच्याजवळ कोणी जात नसे, त्या कुष्ठरोग्यास आपल्या प्रभूनें हात लावून शुद्ध केलें व मग याजकाकडे दाखवावयास पाठविलें. दया व तपासणी, दोन्ही.

आम्हीं पुढच्या रविवारीं त्याच वेदीपाशीं उभे राहून आपली चूक कबूल केली. मग विचारलें, लहानपणीं कांजिण्या झालेल्या भगिनी किती? अकरा हात वर झाले. त्यांतील चौघीजणींनीं पाळ्या लावून आजींची सेवा केली आणि सुनेच्या घरीं पाणी भरलें. ज्यांस खात्री नव्हती त्यांनीं घरून भाकरी करून पाठविली. प्रेम होतेंच; फक्त कोणीं कोठें बसावें एवढें त्याला कळावयास हवें होतें. आपल्या गांवांतही अशी यादी आजच करून ठेवावी, आणि आईनें आपल्या मुलांचीं दुखणीं घरच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर जन्मतारखेखालीं लिहून ठेवावीं. त्या सुनेसाठीं असें एक पान असतें, तर आम्हां सर्वांची पुष्कळ चिंता वांचली असती.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. याजकानें उतावीळपणें निर्णय देऊं नये, असा नियम कां असावा? नागिणीच्या बाबतींत थांबणें अपायकारक कां?
२. एका मुलाच्या पाठीवर ठिपके, फोड व खपल्या एकाच वेळीं दिसतात. दुसऱ्या माणसाच्या उजव्या कुशीवरच फोडांचा पट्टा आहे व आधीं तीन दिवस आग होत होती. कोणास काय झालें असावें?
३. नागीण झालेल्या आजीजवळ कोणीं बसावें, कोणीं जपावें?
४. आपल्या घरांत कोणास कांजिण्या झाल्या आहेत, कोणास नाहींत, हें आपणांस ठाऊक आहे काय?
५. रोग्याविषयीं आपण बोललेला कोणता शब्द परत घ्यावयास हवा?